पाणी कुठवर आलं होतं

१३ जानेवारी १९८५, रवि.
नदीकडची भिंत अजून ओलीच. श्रावणात पाणी घरात शिरलं, आता संक्रांत आली, तरी हात लावला की गार लागते. हे म्हणाले, पुढच्या शनिवारी येताना चुना आणतो. मागच्या शनिवारीही म्हणाले होते. पिंपरीला कंपनीत पाळ्या बदलल्या की घराचीच आठवण राहत नाही, चुन्याची कुठून राहणार.
लेकीचा, मित्राचा, खोकला हटत नाही. पहिलीत आहे, माझ्याच वर्गात. ती खोकली की सगळी पोरं माझ्या तोंडाकडे बघतात, जणू मीच थांबवायचाय.
आबा संध्याकाळी नदीवर जाऊन आले. "हाय तितंच हाय." सासऱ्यांचा हा रोजचा निरोप, अगदी पौषातसुद्धा. पूर्वी नदी बघणं आणि हलगी वाजवून गावाला सांगणं हे आबांच्या वाट्याचं गावकीचं काम होतं. धम्म घेतला तेव्हा आबांनी हलगी नदीतच सोडून दिली. बघणं मात्र सुटलं नाही.

२२ जाने.
तात्या सरपंच स्वतः शाळेत आले. खुर्ची दिली, बसले नाहीत. ओढ्यापलीकडच्या गायरानाचा तुकडा आमच्या वस्तीला घरांसाठी द्यायचं ठरतंय. तहसीलदारांची हरकत नाही, ग्रा.पं.ची नाही. फक्त त्याआधी पाटबंधारे खात्याची माणसं येऊन पूररेषा आखणार. रेषेच्या वर असेल ती जागा घरांना चालेल, खालची नाही.
"मंग बाई, पावसाळ्यात माझ्या शाळंत बिऱ्हाडं लावायचं बंद करा."
माझ्या शाळेत! किल्ली माझ्याकडे, झाडलोट माझ्याकडे, पत्रा गळला तर बादली माझ्याकडे. पण हसले. हसलं की वाद वाचतो.
घरी आल्यावर कुणाला सांगायच्या आधी जरा वेळ नुसती चुलीपुढे बसले. दर पावसाळ्यात गाठोडी बांधायची, पीठ वर टांगायचं, मित्राला काखोटीला मारायचं, शाळेच्या फळ्याखाली सगळ्या वस्तीबरोबर झोपायचं, आणि पाणी उतरलं की चिखल काढायला परत. लग्न झाल्यापासून हेच. मला फार काही नको. एक कोरडी भिंत हवी.

३ फेब्रु., रवि.
समाजमंदिरात बैठक. मोजणीवाले बुधवारी येणार. त्यांना मोठ्या पुराचं पाणी कुठवर आलं होतं ते विचारायचंय, बाकी सगळं त्यांच्या यंत्रात आहे म्हणे.
शेजारची पारूबाई सगळ्यात आधी बोलली. "पाणी वरच सांगायचं. मागल्या बारीला ज्येनी छातीला पाणी म्हणलं त्यास्नी घरावर घालाया पत्रं मिळालं. आमच्या ह्येनी गुडघ्याला म्हणलं, खरं त्येच व्हतं, तर आमी बसलो आभाळ बघत."
सगळ्यांनी माना डोलावल्या. ह्या वस्तीनं सरकारकडून शिकलेला हा एकच धडा आहे, तो सगळ्यांना तोंडपाठ आहे.
मी म्हटलं, हे पत्र्यांचं नाही, रेषेचं आहे, दोन्ही एकच कशावरून?
"सरकार त्येच हाय की, बाई."
रेषा म्हणजे नक्की काय हे मला तरी कुठे ठाऊक आहे. आबा कोपऱ्यात बसून होते.

६ फेब्रु.
मधल्या सुट्टीत गेले बघायला. ओव्हरसीयर तरुण आहे, पायात बूट, डोक्याला रुमाल. तीन पायांवर दुर्बीण, एकाच्या हातात रंगवलेली उंच पट्टी. तात्यांनी आंब्याखाली खुर्ची नि चहा मांडून ठेवला होता. वरच्या आळीचे सगळे एका सुरात, पाणी घाटाच्या वरच्या पायरीपर्यंतच येतं, त्याच्यावर कधी बघितलं नाही. तात्यांचं पाणी उपसायचं इंजिन आणि नवी विहीर नदीकाठाला आहे, ते कशाला पाणी वर चढवतील.
ओव्हरसीयरनं चहा घेतला, वहीत काही लिहिलं नाही. मग सरळ वस्तीत आला. नदीच्या बाजूच्या उंबराखाली आबा काठी घेऊन उभे.
"आबा, तुम्ही इथले जुने. दर पुराला तुम्हीच नदी बघत होता असं ऐकलं. तुम्ही सांगा."
मोठ्या पुराला उंबराच्या बेचक्यात पाणी आलं होतं. बेचकं आबांच्या खांद्याला लागतं. ही गोष्ट ते दर पावसाळ्यात सांगतात, मित्रालासुद्धा पाठ आहे. सगळी वस्ती मागे उभी. कुणी खोकलं नाही.
आबांनी काठी उचलली. बेचक्यावरून वर नेली, जिथे राघूंची ढोली आहे तिथपर्यंत. काठी पुरेना तर टाचा उचलल्या.
"हितवर."
"नक्की?"
"व्हय."
ओव्हरसीयरनं लिहून घेतलं. पारूबाईनं माझ्या दंडाला चिमटा काढला, आनंदानं.

७ फेब्रु.
आबा जेवले नाहीत. पोट बिघडलंय म्हणाले. संध्याकाळी नदीवर गेले नाहीत हे मात्र पहिल्यांदाच घडलं. भाकरी झाकून ठेवली. मग आपणहून बोलले.
"आजवर सायबानं मला इचारलंच न्हवतं, सूनबाई. पाटलाला इचारायचा, मी बाजूला हुबा ऱ्हायाचा. काल पाटील, सरपंच समदे बाजूला नि इचारलं मला. नि मी..."
पुढचं मी ओढून काढलं नाही. थकले होते, वह्या तपासायच्या होत्या.

२ मार्च, शनि.
दगड बसले. चुना लावलेले, वर तांबडा पट्टा. घाटापासून निघून वस्तीच्या मागून, ओढा ओलांडून, गायरानाच्या वरच्या कडेनं गेलेत.
वरच्या कडेनं. दोनदा चालून पाहिलं. आमचा तुकडा सगळाच्या सगळा दगडांच्या खाली. शाळेच्या पायरीपाशी एक दगड, शाळा तेवढी वर राहिली.
हे सायकलवरून येताना तिथेच भेटले. हँडलला चुन्याची पिशवी. आणला एकदाचा. दगडाकडे बघून म्हणाले, "हा कशाचा?"
सांगितलं. सायकल धरून उभे राहिले. "म्हणजे आपणच आपल्याला बुडवलं."

६ मार्च
तहसीलमधून ग्रा.पं.ला तोंडी निरोप. पूररेषेच्या आत नवं गावठाण देता येणार नाही, दुसरी जागा सुचवा. दुसरी जागा म्हणजे तात्यांच्या किंवा त्यांच्या भावकीच्या जमिनी. कोण सुचवणार?
मजा म्हणजे वस्ती जिथे आहे तिथून उठा, असं कुणीच म्हणत नाही. जुनी घरं आहेत ती राहू दे म्हणे. नवीन तेवढी बांधायची नाहीत. म्हणजे बुडणाऱ्यांनी बुडत राहायला सरकारची हरकत नाही.

११ मार्च
विम्याचे एक गृहस्थ शाळेत आले होते. मु.अ. गुरुजींना गाठलं, मला गाठलं, मग मित्राला सोडायला आलेल्या आबांना सापडले.
"घराचा इमा निघतो का?"
"निघतो की, आजोबा. बांधकाम पक्कं हवं."
"पुराचा?"
"पुराचाही निघतो. पण जिथे पूर येतोच, त्या घराचा कोण काढून देईल?"
"मंग ज्येच्या घरी पाणी जात न्हाई, त्येनं काढायचा व्हय?"
गृहस्थ हसले, तांबड्या पट्ट्याच्या दगडावर बसून बूट बांधले आणि पुढच्या गावाला गेले. कितीतरी दिवसांनी आबा हसलेले पाहिले. मलाही हसू आलं, मग लगेच मित्राचा खोकला सुरू झाला.

१८ मार्च
तात्या घरी आले. आमच्या घरी, आत. मी लग्न होऊन आल्यापासून त्यांचा पाय ह्या उंबऱ्याच्या आत पडला नव्हता. इंजिनासाठी कर्ज मागायला गेले होते, बँकेनं दगडाची चौकशी केली. विहीर, इंजिन, बांधायला काढलेली खोली, सगळं रेषेच्या आत.
"आबा, तुमी नि मी दोघंबी जाणतो पाणी कुटवर आलं व्हतं. त्या दिशी मीबी तितंच व्हतो, झाडावर."
"मंग तुमी का पायरी सांगितली?"
तात्या म्हणाले, "मी खाली सांगितलं, तुमी वर सांगितलं. सायबानं तुमचं धरलं. आता तुमीच सांगा, खोटं व्हतं म्हणून. माझं इंजिन वाचंल, तुमची जागा."
चहा केला. तात्यांनी घेतला, आमच्या कपात. ह्या रेषेनं तेवढं एक केलं म्हणायचं. जाताना भिंतीला हात टेकला आणि झटकन काढला. "लई वल हाय हो." मी म्हटलं, हो, आहे.

१४ एप्रिल, रवि.
जयंती. मिरवणूक, पोरांची भाषणं, माझ्या वर्गातली पारूबाईची नात भाषण विसरली आणि रडली. बाकी छान झालं.
संध्याकाळी समाजमंदिराच्या ओट्यावर आबांना सगळ्यांनी घेरलं. अर्धे म्हणतात, जाऊन सांगा. अर्धे म्हणतात, सांगू नका, एकदा आपण खोटे ठरलो की पुढे आपलं कुणीच ऐकणार नाही. ज्यांनी बैठकीत माना डोलावल्या ते सगळ्यात मोठ्यानं बोलत होते. "आबा, तुमी लईच वर दावलं. जरा वर म्हणलं व्हतं, ढोलीपातूर कुणी म्हणलं?"
ह्यांचा आवाज चढला. म्हणाले, म्हाताऱ्या माणसाला पुढे करताना कळलं नाही का? मग आबांवरही चढला. घरी येऊन माझ्यावर. मी ताटं घासत होते. घासत राहिले. मला कुणाचीच बाजू घ्यायची ताकद नव्हती.

४ मे, बुद्धपौर्णिमा
पंचशील नेहमी आबा म्हणतात, बाकीचे मागून. चौथ्याला आले आणि आवाजच आला नाही. खोटं न बोलण्याचं ते. पारूबाईनं सुरुवात करून ओढून नेलं. पाचव्याला आबा परत लागले.
खीर वाटली. माझी वाटी मित्राला दिली. ह्या माणसानं आयुष्यात दोनच गोष्टी मिरवल्या, नदीवरची नजर आणि शब्द.

५ मे, रवि.
आबा म्हणाले, "जाऊन सांगतो."

२७ मे
सुट्टी आहे म्हणून मीच आबांना घेऊन तालुक्याला, पौडला गेले. पाटबंधाऱ्याच्या कचेरीबाहेर बाकावर बसून राहिलो. तोच ओव्हरसीयर. आबांना ओळखलं, पाणी मागवलं.
आबा उभं राहून बोलले, बसा म्हटलं तरी. "सायेब, मी तुमास्नी पाणी वर सांगितलं. बेचक्यापातूर व्हतं. जागंसाठी केलं. उलटंच झालं."
तो पोरगा रागावेल असं वाटलं होतं. रागावला असता तर बरं झालं असतं.
"आबा, तुमच्या शब्दावर मी माझ्या साहेबांशी भांडलो. ते म्हणत होते, इतकं वर नसणार. मी म्हटलं, तो माणूस खोटं बोलणार नाही. आता कोणत्या तोंडानं सांगू?"
मग त्यानंच मार्ग काढला. म्हणाला, पावसाळा तोंडावर आहे. यंदा पाणी कुठवर येतं ते बघू. चांगला पूर आलाच तर उंबरावर खूण करून ठेवा, गेरूनं. पाणी उतरलं की मी येतो, तुमच्यासमोर मोजतो. खाली असेल तर रेषा पुन्हा तपासायला लावतो, तुमची जागा मोकळी. "पण या वेळी खरी खूण. मी दुसऱ्या कुणाला विचारणार नाही, तुम्हालाच विचारणार."
येताना एस.टी.त आबा खिडकीशी बसले. पौड सोडल्यावर म्हणाले, "परत मलाच इचारनार म्हणला."
आनंद होता की भीती, कळलं नाही.

९ जून, रवि.
आबांनी गेरूचा खडा आणून देव्हाऱ्याच्या... बघा, अजून देव्हारा लिहिते. बाबासाहेबांच्या फोटोखालच्या फळीवर ठेवलाय. मित्राला हात लावू देत नाहीत.
चुना भिंतीला लावला. वाळेना.

३० जून, रवि.
पाऊस बरा, पूर नाही. शाळा सुरू, निम्मी पोरं भातलावणीला. आबा दोन वेळा नदीवर. "पयल्या पायरीला." वस्तीतले सगळे आता त्यांना वाटेत अडवून विचारतात. पूर्वी पूर यावा म्हणून कुणी विचारत नव्हतं. आता पूर यायला हवा, पण बेताचा. बेचक्यापर्यंत यावा आणि तिथे गुमान उभा राहावा. इतका आज्ञाधारक पूर कुणाला मिळालाय.

१४ जुलै, रवि.
हे आले नाहीत, जादा पाळी. निरोपसुद्धा नाही. मित्राला ताप. रागानं एकटीच बडबडत होते तर आबा म्हणाले, "मला बोल की." हसू आलं आणि रडूही.

२४ जुलै
सोमवारपासून धार तुटली नाही. दुपारी पोलीस पाटलांकडे निरोप, धरण भरलं, वरून पाणी पडायला लागलंय, काठच्या लोकांनी हलावं. निरोप पाटलांच्या ओसरीवर आला, वस्तीत कोण आणणार? आबा उठले. हलगी नाही, काही नाही, डोक्यावर पोतं घेऊन दारोदार. "पाणी येतंया, शाळंत चला." आवाज अजून आहे.
गाठोडी. पीठ. फोटो. गेरू आबांनी अंगातल्या कोपरीत खोचला.
चार वाजता पाणी आमच्या उंबऱ्याला, सहाच्या आत वस्ती गेली. शाळेच्या व्हरांड्यातून सगळं दिसत होतं. बेचकं बुडालं तेव्हा कुणीतरी म्हणालं, बास झालं आता. जसं कुणी ऐकणार होतं. नंतर राघू ढोलीतून ओरडत निघाले. पाणी ढोलीच्या खाली वीतभर येऊन टेकलं आणि तिथे राहिलं.
आणि ओढ्यापलीकडे आमचा तुकडा. त्याच्यावर पाणी चकाकत होतं. सगळ्यांनी पाहिलं. सगळे व्हरांड्यातून आत आले आणि चुलींचं बघायला लागले.
आबा शेवटपर्यंत बाहेर. मी हाक मारली तर म्हणाले, "मी खोटं बोललो, नि नदीनं खरं करून दावलं बघ."
मोठ्या पुरापेक्षाही मोठा. मला त्या क्षणी नदीचा इतका राग आला, माणसाचा येतो तसा.

२५ जुलै
पाणी उतरतंय. वर्गात भिंतीला टेकून लिहिते. माणसं, कोंबड्या, ओली गोधडी. मित्रा नकाशे टांगायच्या स्टुलावर बसून पाय हलवतेय, तिला मजा. ताप उतरला, एवढं चांगलं.
घर पडलं. नदीकडची भिंत आधी, मग तिच्या पाठोपाठ बाकीचं. चुना आणायचा प्रश्न मिटला.

२६ जुलै
हे आले. रस्त्यावर एस.टी. नव्हती, फाट्यापासून चालत. घराच्या जागी उभे राहिले, मग येऊन माझ्याजवळ बसले. एरवी मी बोलले असते. आज बसू दिलं.
ओव्हरसीयरचा निरोप, सोमवारी सकाळी येतो, खूण तयार ठेवा.
संध्याकाळी पुन्हा बैठक, या वेळी फळ्याखाली. "आबा, खूण बेचक्यात मारा." एकानं नाही, सगळ्यांनी. पारूबाई म्हणाली, "तुकड्यावर घोट्याएवढं पाणी व्हतं, आबा, घोट्याएवढं. हितं आढ्यावरनं गेलं. घोट्याएवढं आमाला चालंल. साता वर्साला एकदा पाय भिजला तर मरतो का आमी?"
खोटं बोलत नव्हती. खूप विचार केला, चूक सापडत नाही. दुसरी जमीन कुणी देणार नाही. तुकडा बुडतो, पण पावलं बुडतात. इथे माणूस बुडतो. कागदावर मात्र दोन्हीकडे पाणी ते पाणीच. मग खूण कुठे मारायची हे उंबराला काय विचारायचं.
आबा म्हणाले, "बघू."

२८ जुलै, रवि.
सकाळी वस्तीतल्या सगळ्या बाया तुकड्यावर गेलो. झुडपांना पुराचं गवत अडकलं होतं, काटक्या, चिंध्या, कुणाची तरी परकराची नाडी. ते सगळं वेचून काढलं. बोरीच्या काट्यातून एकेक काडी. चिखलाचा पापुद्रा वाळून आला होता तिथे खराटे फिरवले. पाऊस पडून गेल्यावर तर काहीच कळणार नाही. तात्यांच्या घरच्या दोघीही आल्या, त्यांच्या इंजिनाच्या खोलीला चुना मारून झाला होता म्हणे.
मीही वेचलं. बोटं फाटली. जिथे राहायचं तिथे पाणी येतं याची खूण आपल्याच हातानं पुसत होते, आणि मनात फक्त एवढंच, लवकर आवरा, उद्या जीप येणार. उंबर पावसानं धुऊन निघालाय, खोडावर काही दिसत नाही. आता काय ते आबा.
आबा दिवसभर शाळेच्या पायरीवर. दगडाला टेकून. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. म्हटलं, आबा, बेचक्यातच मारा. मला घर हवंय. मला फार दमायला झालंय. मित्रा मोठी होऊन हीच गाठोडी बांधेल. तुमच्या पाया पडते.
हे मी बोलले. एवढं स्पष्ट आयुष्यात कुणाशी बोलले नसेन.
आबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. हो म्हणाले नाहीत. नाही म्हणाले नाहीत.

२९ जुलै, सोम.
आबांनी पहाटे आंघोळ केली. ह्यांचा पांढरा सदरा घातला, स्वतःचे वाहून गेले. वाटीत गेरू भिजवला, चिंधी गुंडाळून कुंचा केला. वस्तीतले सगळे उठून बसलेले. पारूबाईनं चहा दिला तो घेतला.
निघाले, दारापर्यंत गेले, परत वळले.
"सूनबाई, त्ये नकाशाचं स्टूल दे जरा."
बेचकं त्यांच्या खांद्याला लागतं. तिथे खूण करायला स्टूल लागत नाही.
म्हटलं, चिखल आहे त्याला, पुसून देते. आत घेऊन आले. कधीचं पुसून झालंय. त्याच्यावरच वही ठेवून हे लिहिते आहे. आबा पायरीवर पाठमोरे बसलेत, हातात वाटी. घाई करत नाहीत, हाक मारत नाहीत.
फाट्यावर जीप वाजली.